गोल कोपऱ्यांची गादी

आमच्या साखरखेर्ड्यात एखाद्या घरी गेलात आणि गादीचे चारही कोपरे भाकरीसारखे गोल दिसले, तर ती रज्जाकमामूंनी भरलेली आहे असं खुशाल समजावं. मामू पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा बापापासूनचा. पण गादीचा टोकदार कोपरा त्यांना खपत नाही. चादर नीट बसत नाही, अशी कुणी तक्रार केली की मामू हातातलं काम थांबवून थेट विमानात शिरतात.

“पयल्या प्रवासी जेट विमानाच्या खिडक्या चौकोनी होत्या. कोपऱ्यातून तडा गेला, विमान हवेतच फुटलं. मंग समुद्रातून तुकडे काढले, जोडले, तवा कळलं. आता पाह्य, सगळ्या खिडक्यायचे कोपरे गोल.”

“पण मामू, गादी कुठं उडते?” मी एकदा विचारलं.

“म्हून काय फाटू द्याची बे?”

मामू स्वतः कधी विमानात बसले नव्हते. रद्दीवाल्याकडची जुनी मासिकं हीच त्यांची शाळा. हाताला पंख बांधून उड्या मारणाऱ्यांपासून ते सांगायला सुरुवात करत. प्रत्येक गोष्टीत शेवटी कुणीतरी पडे, आणि तिथं आलं की मामूंचा चेहरा खुले. “पडलं, म्हून पुढच्याले समजलं.”

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, काड्या आणि बीटी बियाण्याच्या चकचकीत पिशव्या घेऊन ते विमानंही बनवत. एक विमान चौकातल्या चहावाल्याच्या दुधात पडलं. “शेपूट जड झालं,” म्हणत मामूंनी ते निथळून घेतलं आणि त्याच दुधाचा चहा मागवला. दुसरं कुणी घेईना.

बीटीला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर आम्ही कपाशी लावत होतो. एका वर्षी मी बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी. दुसरं फोडलं, तेच. मामूंच्या दुकानात जाऊन बसलो. “उपटून फेकतो सगळं,” म्हणालो.

“फेक. पण आधी तुकडे जमा कर,” मामू म्हणाले. “काऊन पडलं हे पाह्याचं नाही का?”

त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना बोंडं आणायला लावली. अंगणात ताडपत्रीवर वावरागणिक ढीग लागले. मामूंनी कृषी सहायक ताईंना चहाला बोलावलं. ताईंनी ढीग न्याहाळले, मागची पऱ्हाटी कधी काढली हे प्रत्येकाला विचारलं आणि सांगितलं, “ज्यांनी मागच्या वर्षी उन्हाळ्यापर्यंत पऱ्हाटी उभी ठेवली, त्यांच्याकडं अळी जास्त. तिला खायला मिळालं.” मग सगळ्या गल्लीनं हिवाळ्यातच पऱ्हाटी काढली. पुढल्या वर्षी अळी गेली नाही, पण कमी झाली. मामू इतके खूश, जणू कपाशी त्यांचीच होती.

मामूंना एकच लेक, नसरीन. जावई शारजात, ती दुसरबीडला सासरी. शेवटी तिचे तिकडं जायचे कागद झाले. ती निघाली त्या दिवशी मामू विमानतळावर गेलेच नाहीत. “धंदा हाय,” म्हणाले. मी दुपारी डोकावलो तर पिंजायचं यंत्र धडधडत होतं आणि त्यात कापूस नव्हता. मी ते बंद करून शेजारी बसलो.

यंत्रावरची कापसाची धूळ पुसत मामू बोलले. “तिचं लग्न ठरलं, तवापासून वाचून राह्यलो गजू. मले लय भेव वाटे. किती मानसं पडले असतील, तवा विमान असं झालं. त्यायनं शिकून ठेवलं, म्हून माही लेक जाऊन राह्यली.”

दिवेलागणीला शारजाहून नसरीनचा फोन आला, तेव्हाही यंत्र बंदच होतं. मला वाटलं, आता विचारतील, पंखाजवळ बसली होती का, इंजिनाचा आवाज कसा होता.

“जेवली का बेटा?” मामूंनी विचारलं.

पलीकडून नसरीन बराच वेळ बोलत होती. मामूंनी फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

“तू बोल जरा. मशीनच्या आवाजात मले आयकू येऊन नाही राह्यलं.”