भांडणाच्या तारखेवरून कार्ड

गिरणीच्या ग्राहक भांडारातल्या चन्नप्पाअण्णांना काउंटरवरून उठवलं, ते माझ्या सांगण्यावरून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायच्या वेळा येऊन गेल्या; पण गप्प बसण्यात मी पहिल्यापासून वाकबगार.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. सोलापुरात गिरणीतल्या माणसाचं घर भांडारावरच चालायचं. अण्णांचं काम नव्या सभासदाला खरेदीचं कार्ड करून देण्याचं. कार्डं तीन. पांढऱ्यावर पैसे आधी भरायचे आणि लागेल तसा माल न्यायचा. गुलाबीवर माल आधी, पैसे पुढच्या पगारातून कापून. पिवळं दिवाळीपुरतं, एकदम उचल करा आणि वर्षभर फेडा. सभासदानं रंग सांगायचा, अण्णांनी नाव लिहायचं. दुसरा कुणीही एवढ्यावर मोकळा झाला असता. अण्णा कानामागची पेन्सिल काढायचे आणि विचारायचे, "घरात भांडण कवा होतंय?"

माणूस गांगरायचा.

"लाजू नका की. नुसती तारीख सांगा."

पगार झाल्याबरोबर भांडण म्हणजे हातात पैसा टिकत नाही, पांढरं. महिनाअखेरीला म्हणजे डबे रिकामे, गुलाबी. सणासुदीला असेल तर पिवळं, आणि वर "पाव्हणे लई येत्यात वाटतं" अशी सहानुभूती. मागावरचा अंबय्या म्हणाला, "आमच्यात रोजच असतंय, अण्णा." अण्णांनी पेन्सिल परत कानामागं ठेवली. "मग तुला कार्ड न्हाय पुरायचं. वकील बघ."

सल्ला नेहमी बरोबर निघायचा असंही नाही. एका जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, त्यांनी हट्टानं पांढरं दिलं, तर पठ्ठ्यानं भरलेल्या सगळ्या पैशांच्या विड्या नेल्या. "आपल्या भांडारात विड्या हायेत, ह्ये माझ्या ध्यानातच न्हाय राहिलं," अण्णा म्हणाले. इतकी वर्षं ते विड्यांच्या कपाटाला पाठ लावून बसत होते.

मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. नवीन लग्न झालेलं. सुमनला घेऊन भांडारात गेलो तो गुलाबी कार्ड ठरवूनच; आमच्या ऑफिसात सगळ्यांकडं गुलाबीच होतं. अण्णांनी प्रश्न विचारला.

"आमच्याकडं भांडण होत नाही," मी जरा ताठ्यातच म्हणालो.

अण्णा हिच्याकडं वळले. "व्हय, वहिनी?"

"हे बोलतच नाहीत," ही म्हणाली. "मग भांडू कुणाशी?"

रांग हसली. रांगेत माझ्याच ऑफिसातले दोघं होते. फक्त अण्णा हसले नाहीत. त्यांनी पांढरं कार्ड काढलं, त्यावर माझ्या नावाआधी हिचं नाव घातलं आणि मला म्हणाले, "पैसे भराया दोघं येत जावा. काय घ्यायचं ते हितंच बोला. आवाज चढला तरी चालंल."

पुढच्या आठवड्यात भांडाराच्या मॅनेजरसाहेबांबरोबर चहा घेताना मी विषय काढला. बायकांना घरातलं विचारणं बरं दिसत नाही, लोक कुरकुरतात, असं म्हणालो. लोक म्हणजे मी. आवाजात काळजी होती; ती मी नीट जमवली होती. पंधरवडा उलटायच्या आत अण्णा मागच्या गोदामात गेले. तिथं माणूस येत नाही, पोती येतात.

हिला फार लागलं. "कुणा मेल्यानं चुगली केली असेल?" भाकरी वाढता वाढता ही म्हणाली. मी अजून अर्धी मागितली.

दिवाळीत हिनं अण्णांसाठी चकल्यांचा डबा दिला, आणि तो माझ्याच हाती पाठवला. अण्णा तागाच्या पोत्यावर बसले होते. मला पाहून सरकले आणि जागा केली.

"वहिनी भांडल्या का आता?"

"एकदा. पडद्याच्या कापडावरून."

"जितलं कोण?"

"तीच."

"ब्येस झालं." एक चकली मोडून अर्धी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मग पोत्यांकडं बघत म्हणाले, "आमच्यात कवाच भांडण झालं न्हाय. पगार तिच्या हातावर ठेवायचा, जेवायचं, निजायचं. आळी म्हणायची, चन्नप्पा लई गुणाचा. एक दिवस मंगळवेढ्याला माहेरी गेली ती गेलीच. भांडून गेली असती तर समजूत काढाया गेलो असतो. पण जाऊन काय म्हणणार? झालंच काय व्हतं?"

मी हातावरची अर्धी चकली खाल्ली.

"काउंटरवर बरं व्हतं. कोण कसं भांडतंय, कसं मिटवतंय, ऐकाया मिळायचं. वाटायचं, आपल्याला कळंल एक दिवस."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. दुसरं माणूस तिथं नव्हतं. "चकल्या सादळतील," मी म्हणालो, "झाकण लावा." आणि उठलो.

पुढं वर्षभरात अण्णा निवृत्त होऊन अक्कलकोटकडं भावाच्या गावी गेले. जाताना अण्णा हिच्या पाया पडायला वाकले, वयानं मोठे असून; त्यावरून दोघांची हुज्जत झाली. मी बाजूला पिशवी धरून उभा होतो.

अण्णांना मी एक कबुली देणं लागतो. भावाचा पत्ता माझ्याकडं आहे. हिला तिच्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो, आणि ही तर आत्ता आतल्या खोलीतच आहे.