सावलीची चतुःसीमा

आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत एक गृहस्थ रोज सावली मोजतात. चक्क टेप लावून मोजतात. दारापुढच्या कडुनिंबाची सावली डांबरावर जिथे संपते तिथे खडूने रेघ ओढायची, शेजारी वेळ लिहायची आणि दोन पावलं मागे होऊन त्या रेघेकडे कौतुकाने पाहत राहायचं. शामरावजी थूल त्यांचं नाव. उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात शेतं मोजली, आता रिटायर झाले तर सावली मोजतात.

मी शाळेत शिकवते, स्वभावाने घाईची आणि तोंडाने फटकळ. एका रविवारी त्यांनी मला अडवून सांगितलं, "मॅडम, तुमची स्कूटी अकरा वीसले उन्हात येते. दीड हात मांगं घ्या." मी फणकाऱ्याने घरात गेले. अकरा वीसला सीटवर ऊन आलं. तेव्हापासून मी गाडी दीड हात मागेच लावते, पण हे त्यांच्यापाशी कबूल केलेलं नाही.

बोलणंही सगळं मोजणीचं. कुणी म्हटलं मुलीचं जमलं, की काका विचारणार, "चतुःसीमा सांगा." म्हणजे मुलगा कोण, गाव कोणतं, इकडून कोण, तिकडून कोण. चारही बाजू कळल्याशिवाय माणूस अभिनंदन करत नाही.

काकू होत्या तेव्हा काकांनी घरी बसून एक खेळ तयार केला होता. काकू गेल्यावर त्याचे पन्नास खोके छापून घेतले. खेळाचं नाव 'सावली'. पटावर एक रस्ता, रस्त्यावर लाकडी झाडं, झाडांना काळ्या कापडाच्या सावल्या. दर डावाला घड्याळ पुढे सरकतं, तशा सावल्याही सरकतात. आपण एका सावलीतून दुसरीत जात शेवटच्या घरी पोचायचं. इथवर ठीक. पण शेवटचा नियम असा, की जो एकटा पोचला तो हरला. मी म्हटलं, काका, हा काय वेडगळपणा? खेळ म्हणजे शर्यत असते. ते म्हणाले, नियम मोजून ठेवलेला आहे.

नागपूरच्या एका प्रदर्शनात त्यांनी हे खोके मांडले आणि महिन्याभरात नोटीस आली. दूरच्या शहरातल्या एका कंपनीचा याच नावाचा खेळ होता, नाव रीतसर नोंदवलेलं. तेव्हा नाव बदला, आणि जुन्या नावाची प्रत्येक प्रत नष्ट करून फोटो पाठवा. काका नोटीस घेऊन माझ्याकडे आले, कारण गल्लीत प्रिंटर माझ्याकडे.

आता वकील गाठायचा की नाही? पण शामरावजींना एकच विद्या येते. जमिनीचा वाद असो की शब्दाचा, आधी मोजणी. त्यांनी कडुनिंबाखाली पंचनामा मांडला. लगतचे खातेदार म्हणून झाडाखालचा इस्त्रीवाला आणि अल्लीपूरहून भाजी घेऊन येणाऱ्या सुमनबाई. सदर शब्द आपण कधीपासून वापरता, असं सुमनबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या जन्मापासून, आणि मेथी कोमेजते म्हणून पटकन सही करून गेल्या. मग काकांनी मला मजकूर सांगितला: सदर शब्दाच्या पूर्वेस ऊन, पश्चिमेस ऊन, दक्षिणेस ऊन, उत्तरेस कडुनिंब, शब्दातून सर्व जनतेची वहिवाट पूर्वापार चालू असून ती कोणासही अडवता येणार नाही. मी हसू दाबत टाइप केलं.

कंपनीच्या वकिलाचं उत्तर बिचारं सभ्य होतं. सावलीत जरूर बसा, सावलीबद्दल बोला, फक्त खेळाच्या खोक्यावर ते नाव नको. आणि प्रती नष्ट करण्याचं तेवढं लवकर पाहा.

मी वैतागले. म्हटलं, काका, द्या ना नाव सोडून, हट्ट कशाला?

"नाव देऊन टाकू," ते म्हणाले. "नावासाठी मी भांडून नाई राह्यलो."

मग घरात गेले आणि कापडात गुंडाळलेला एक पट घेऊन आले. जुन्या नकाशाच्या पाठीवर काढलेला, हाताने रंगवलेला, पहिला. वर कापऱ्या अक्षरात 'सावली'. अक्षर काकूंचं.

"हे बी नाव असलेली प्रत झाली ना, मॅडम?"

मी म्हटलं, कोणाला कळणार आहे, ठेवा कपाटात. तसे ते दुखावले. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे बांध सरळ केले, आता आपलाच वाकडा ठेवायचा का, असं त्यांचं म्हणणं. मग हळूहळू बोलले. काकूंना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागे. ऑटोत मळमळे, म्हणून दोघं पायी निघत, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत.

"ती म्हने, सावली आली, बसू. मंग कोनत्या वक्ती कोनतं झाड, हे मले मोजून ठेवा लागे. एक झाड चुकलं का तिले ऊन लागे."

इतकी वर्षं त्या खडूच्या रेघांना मी हसत होते, लाज वाटली.

दुसरं पत्र मी एकही शब्द न बदलता टाइप केलं. खोक्यांची झाकणं आणि पट पंचांसमक्ष फाडले आहेत, फोटो सोबत, खेळाचं नाव यापुढे 'कडुनिंब'. एक प्रत मयत पत्नीच्या हस्ताक्षरातली आहे, ती ठेवण्याची परवानगी मिळावी. न मिळाल्यास कळवावे, तीही फाडण्यात येईल.

उत्तराला बावीस दिवस लागले. तेवढे दिवस काकांनी सावली मोजली नाही. आलं ते दोन ओळींचं: घरची हाताने केलेली प्रत विक्रीची नाही, ती खुशाल ठेवावी. मला ते त्यांनी तीनदा वाचायला लावलं.

मग ओट्यावर तो पट पसरला आणि आम्ही खेळायला बसलो. दुपार सुस्तावली होती, इस्त्रीवाला कपड्यांच्या गठ्ठ्याला टेकून पेंगत होता. मला दानं चांगली पडत गेली. शेवटचं घर एका पावलावर आलं, मी सोंगटी उचलली. काकांची सोंगटी तीन झाडं मागे होती. ते नुसते माझ्या हाताकडे पाहत राहिले.

मी सोंगटी परत सावलीत ठेवली.

"मी बसते काका इथे. या तुम्ही."

"हाव," ते म्हणाले. "येतो."