अध्यक्षबाईंची सही

बायकोची सही आपण तिच्यापेक्षा चांगली करतो, असं साहेब छातीठोकपणे सांगत. आणि ते खोटंही नव्हतं! बाई पालिकेच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या, पण गेली दोन वर्षं खुर्चीत बसत होते त्यांचे यजमान. सगळं गाव त्यांनाच साहेब म्हणे. बाईंनी कधी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं, की तू कशाला दगदग करतेस, मी आहे ना. नऊ सदस्यांत बाईंना धरून सहा बायका होत्या. बाकीच्या पाचजणींच्या घरीही नवरे अशीच दगदग वाचवत होते.

बाईंचं मागणं एकच होतं. मंडईत भाजी विकणाऱ्या बायका दिवसभर घोटभर पाणी पीत नसत, कारण मग जायचं कुठे? त्यांच्यासाठी संडास बांधा, असं बाई दोन वर्षं सांगून थकल्या. साहेबांनी चौकात कारंजं मंजूर करून टाकलं. नळाला पाणी नाही तिथे कारंजं! हौसेला मोल नसतं म्हणतात ते उगाच नाही.

काम सुरू होण्याआधी वरच्या कार्यालयातून एक अधिकारीबाई तपासणीला आल्या आणि अध्यक्षांनी माझ्यासमोर सही करावी म्हणाल्या. साहेबांनी तातडीने घरून बायकोला आणलं आणि दारातच बजावलं, "फक्त सही करायची. तोंड उघडायचं नाही."

बाईंनी सही केली. अधिकारीबाईंनी ती रजिस्टरातल्या सहीशी ताडून पाहिली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"या अध्यक्ष नाहीत," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. तोतया बाई आणल्याचा आळ! ही माझीच बायको, वीस वर्षांची जुनी, असं ते शपथेवर सांगू लागले. तेही पटेना, तेव्हा हिचा हात मुरगळलाय म्हणाले. बाईंना तोंड उघडायची मनाई होती, म्हणून त्यांनी मुकाट्याने आणखी तीन सह्या केल्या. चारही अगदी सारख्या.

"घाबरलीये हो ती," म्हणत साहेबांनी पेन हिसकावून घेतलं. "एरवी ती अशी करते, बघा." आणि झोकात, शेवटच्या फराट्यासकट, सही ठोकली. रजिस्टरातल्या सहीशी तंतोतंत जुळणारी!

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतल्याचं साहेबांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. अधिकारीबाईंनी मग उरलेल्या पाच सदस्यबाईंनाही सहीला बोलवा म्हणून सांगितलं. त्याबरोबर मागे उभ्या असलेल्या पाचही नवऱ्यांना आपापली गाडी चुकीच्या जागी लावल्याचं एकदम आठवलं.

दोन वर्षांचे सगळे ठराव रद्द झाले. साहेबांकडून माफीनामा लिहून घेतला गेला, आणि पुन्हा सभा घ्यायची तर ती अध्यक्षांनीच घ्यावी, असं ठरलं.

सभेच्या दिवशीही साहेब सवयीने खुर्चीतच बसले होते. बाई खुर्चीपाशी गेल्या. आता मनाई कसली आणि कुणाची?

"अहो, जरा उठता का? ही माझी जागा आहे."

साहेब उठले. बाई बसल्या आणि त्यांनी एका दमात विचारलं, संडास कुणाकुणाला हवा? सहा हात ताठ वर गेले. वाऱ्याची दिशा बघून तिघा पुरुषांनीही हात वर केले. दाराशी उभ्या शिपाईणबाईंना मत नव्हतं, पण हात त्यांचाही वर होता!

चार महिन्यांत संडास उभा राहिला. स्वच्छ, आतून कडी असलेला, भरपूर पाण्याचा. साहेब उद्घाटनाला नवा कोट घालून आले. फीत मात्र सगळ्यांत म्हाताऱ्या भाजीवालीने कापली, आणि टाळ्यांनी मंडई दणाणून गेली. अध्यक्षबाईंना तर रडूच आलं. मग झाडून साऱ्या भाजीवाल्या आत बघायला गेल्या. तेवढा वेळ भाजीवर लक्ष ठेवायचं काम बाईंनी सहाही नवऱ्यांना वाटून दिलं.

साहेब टोमॅटोंच्या ढिगामागे कोट सावरून बसले. लगेच एक गिऱ्हाईक आलं.

"टोमॅटो कसे दिले?"

साहेब गडबडून उठले.

"थांबा हं, बाईंना विचारून सांगतो."