घरभर अडतीस

लेकीच्या ऑफिसचा निरोप आला तेव्हा निवृत्त मोजणीदार जेवायला बसले होते. निरोप वाचून झाल्यावर त्यांनी हात धुतला आणि टेप शोधायला उठले. ताटातली भाजी तशीच राहिली, आणि ती का राहिली हे बायकोने विचारलं नाही, कारण तिनेही निरोप वाचला होता.

ऑफिसची इमारत दुरुस्तीला निघाली म्हणून लेक दोन महिन्यांपूर्वी घरी आली होती. आता दुरुस्ती संपली होती. ज्यांना पुढेही घरूनच काम करायचं असेल त्यांनी घरच्या इंटरनेटचा वेग मोजून शुक्रवारी दुपारी बाराच्या आत कळवावा, असं ऑफिसने म्हटलं होतं. वेग शंभर एमबीपीएस किंवा त्याहून जास्त असेल तर घरून काम. कमी भरला तर पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिस होतं त्या दूरच्या शहरात हजर व्हायचं. सोबत एक फॉर्म होता: वेग किती, कशावर मोजला, कोणी मोजला, सही.

"बाबा, तुम्हीच मोजा," लेक म्हणाली. "मोजण्यात तुमचा हात कोण धरणार?"

मोजणीदार खूश झाले. बत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. भाऊ भावाच्या अंगावर धावून जात असताना मध्ये उभं राहून त्यांनी इंच इंच मोजला होता आणि खोटा आकडा एकदाही लिहिला नव्हता. निवृत्त झाल्यापासून मात्र मोजायला काही उरलं नव्हतं, आणि घरात बोलायलाही फारसं काही उरलं नव्हतं. लेक आली आणि घराला जाग आली. तिने राहावं असं त्यांना फार फार वाटत होतं. पण 'राहा' म्हणणं म्हणजे एका पक्षाच्या बाजूने बोलणं, आणि ती सवय त्यांना नव्हती. म्हणून ते फक्त म्हणाले, "मोजून बघू."

निरोप आला त्या सोमवारीच संध्याकाळपर्यंत घराचा नकाशा तयार झाला. त्यावर चौदा ठिकाणं होती. प्रत्येक ठिकाणी उभं राहून मोजणीदारांनी आपल्या फोनवर तीन तीन वेळा वेग मोजला आणि सरासरी काढली. राउटरला नाक लावून उभं राहिलं तर अडतीस. मधल्या खोलीत बावीस. लेक काम करायची त्या मागच्या खोलीत अकरा.

"कंपनीने कागदावर दोनशे दिलेत," मोजणीदार म्हणाले. "जागेवर अडतीस. अतिक्रमण झालंय."

"कोणाचं?" बायकोने विचारलं.

"तेच शोधायचंय."

मंगळवारी ते नकाशाची गुंडाळी काखेत मारून दुकानात गेले. दुकानदाराने नकाशाकडे कौतुकाने पाहिलं आणि सहा अँटेनांचा राउटर काउंटरवर ठेवला. उलट्या पडलेल्या खेकड्यासारखा तो दिसत होता.

"काका, डोळे झाकून घ्या. भिंत असो, कपाट असो, आरपार."

"किती इंची भिंत?"

"ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, काका."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

दुकानदाराने विषय बदलला. राउटर घरी आला, लागला, दिवे लुकलुकले. मोजणीदारांनी पुन्हा चौदा ठिकाणी बेचाळीस वेळा मोजलं. मधली खोली तीस झाली, मागची एकोणीस. राउटरजवळ अडतीस ते अडतीसच.

आता संशयाची सुई घरातल्या सामानाकडे वळली. लोखंड लहरी अडवतं, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट ढकलून हॉलमध्ये आणलं. तिथे ते बसलं खरं, पण घराचं दार अर्धंच उघडायला लागलं, आणि घरातली माणसं अंग चोरून आत-बाहेर करू लागली. स्वयंपाकघरातली भांडी गॅलरीत गेली. बायको हातात पातेलं धरून उभी राहिली.

"अहो, या पातेल्याने कोणाचा वेग अडवलाय?"

"संशयित आहे. निर्दोष ठरलं की आत येईल."

"आणि तोवर मी भात कशात शिजवू?"

"मातीच्या कशात तरी."

बायकोने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते एक पातेलं जामिनावर सुटलं. सामान हलवून नकाशातल्या अकराव्या ठिकाणी वेग दोनने वाढला. राउटरजवळ अडतीस.

बुधवारी खेकडा दुकानात परत गेला आणि त्याच्या जागी तीन पांढऱ्या डब्यांचा संच आला. एक डबा हॉलमध्ये, एक मधल्या खोलीत, एक मागे. एकाने सिग्नल दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. ही पद्धत मोजणीदारांना पटली, कारण तेही आयुष्यभर एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीकडे असेच गेले होते. मोजणी झाली. चौदाही ठिकाणी अडतीस. मागच्या खोलीत अडतीस, न्हाणीघराच्या दाराशी अडतीस, गॅलरीत भांड्यांच्या ढिगात उभं राहूनही अडतीस.

"घरभर सारखंच झालं की," लेक म्हणाली.

"सारखंच कमी झालं," मोजणीदार म्हणाले. त्यांना रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. शुक्रवार परवावर आला होता.

गुरुवारी त्यांनी तक्रार करून इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो आपलं छोटं यंत्र घेऊन आला, तारेला जोडलं आणि म्हणाला, "एकशे शहाण्णव. सगळं ठीक आहे, काका."

मोजणीदारांनी चष्मा काढून पुसला. "हे यंत्र कोणाचं?"

"आमच्या कंपनीचं."

"शेवटचं कधी तपासून घेतलं?"

"तपासून म्हणजे?"

"म्हणजे ते बरोबर मोजतं, असा दाखला."

"काका, कंपनीनेच दिलंय म्हटल्यावर..."

"तिथेच तर मेख आहे. पक्षकाराने आणलेल्या टेपने मी बत्तीस वर्षांत एकही हद्द मोजलेली नाही."

"बाबांचं बरोबर आहे," लेक म्हणाली.

इंटरनेटवाला बिचारा घायकुतीला आला. "ताई, तुमच्याकडे लॅपटॉप असेल ना? त्याच्यावर बघून घ्या, एका मिनिटाचं काम."

"तो अपडेट होतोय," लेक घाईने म्हणाली.

"आणि ती अर्जदार आहे," मोजणीदारांनी शेवटचा खिळा ठोकला. "अर्जदाराचं साधन चालत नाही."

इंटरनेटवाल्याने त्यांनी पुढे केलेल्या वहीत 'मला एकशे शहाण्णव दिसले, काकांना मान्य नाही' असं लिहून सही केली आणि चहा न घेता निघून गेला.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच मोजणीदार पायरीवर उभे होते. हातात तीन डबे आणि नकाशाची पाचवी प्रत. दुकानदाराने त्यांना पाहिलं आणि शटर अर्ध्यावरच थांबवलं. मग त्याच्या मनात काय आलं कोण जाणे, त्याने विचारलं, "काका, एक सांगा. मोजता कशावर?"

मोजणीदारांनी खिशातून फोन काढून दिला. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला, मागचं झाकण रबरबँडने बांधलेलं होतं.

"किती वर्षं झाली?"

"सात. उत्तम चालतो."

"चालतो, पण चाळिशीच्या पुढे पळत नाही. याची धावच तेवढी. तुम्ही आभाळातून तार ओढून आणलीत तरी हा अडतीसच दाखवणार."

त्याने आपला फोन काढून दुकानातल्या वायफायवर वेग मोजला: एकशे ऐंशी. मग तिथेच मोजणीदारांच्या फोनवर मोजला: अडतीस.

मोजणीदार काउंटरला धरून उभे राहिले. नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती, की जमिनीवर पाऊल ठेवायच्या आधी आपली मोजणीची साखळी तपासायची. पुढे बत्तीस वर्षं त्यांनी हाताखालच्या लोकांना तीच शिकवली. आणि स्वतः चार दिवस खोटी साखळी घेऊन घरभर नाचले. लाजेने त्यांचे कान गरम झाले. पण दुसऱ्याच क्षणी दुसरी गोष्ट त्यांच्या डोक्यात उजेड पाडून गेली: म्हणजे वेग आहे. म्हणजे ती राहणार. त्यांनी डबे तिथेच सोडले आणि साठी उलटलेल्या माणसाला शोभणार नाही अशा चालीने घर गाठलं.

"लॅपटॉप उघड," हॉलमधल्या कपाटाला वळसा घालून ते मागच्या खोलीत शिरले. "जुना राउटर लाव. माझाच फोन चुकीचा होता."

लेक पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने लॅपटॉप उघडला. जुना राउटर लागला. पडद्यावरचा काटा फिरला आणि एकशे बावन्नवर थांबला, तोही मागच्या खोलीत.

"छान," लेक म्हणाली.

मोजणीदार तिच्याकडे पाहत राहिले. हे 'छान' त्यांच्या ओळखीचं होतं. मोजणी संपली, खुणा रोवल्या, की ज्याची जमीन कमी भरली तो पक्षकार असाच म्हणायचा. बरोबर आहे साहेब, मान्य आहे. आणि म्हणताना जमिनीकडे पाहायचा. बत्तीस वर्षांत त्यांनी असे शेकडो चेहरे पाहिले होते. आपल्या घरात तो पाहायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

त्यांनी पलंगावर नजर टाकली. घड्या घातलेले कपडे बॅगेत गेले होते.

"तुला आधीच माहीत होतं."

लेकीने एक शर्ट उचलून त्याची घडी घातली.

"लॅपटॉप अपडेट होत नव्हता."

"नव्हता," ती म्हणाली.

"जायचंय तुला?"

"बाबा, इथे मला काही कमी नाही."

"ते मी विचारलेलं नाही."

लेकीने शर्टाची केलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तिथे माझी खोली आहे. लहान आहे, पण तिची किल्ली माझ्याकडे असते. संध्याकाळी आम्ही चौघी चालायला जातो. तिथे मी... मला तिथे बरं वाटतं. पण तुम्ही इतके आनंदात होतात, तोंडच उघडेना. म्हटलं, आकडाच कमी भरला तर कोणी कोणाला दुखवायला नको."

"सरळ सांगायचंस."

"तुम्ही तरी कुठे सरळ म्हणालात, राहा म्हणून?"

बायको दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "साडेअकरा वाजून गेलेत."

मोजणीदारांनी टेबलापाशी बसून फॉर्म पुढे ओढला. लेक आणि बायको दोघीही त्यांच्या हाताकडे पाहत होत्या. खोटा आकडा त्यांनी आयुष्यात लिहिला नव्हता, आणि आता लिहिणार नव्हते. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं: अडतीस. बेचाळीस वाचनांची सरासरी. 'कशावर मोजला' या रकान्यात लिहिलं: मोजणीदाराचा स्वतःचा फोन, वय सात वर्षं. मग नाव, जुना हुद्दा, त्यापुढे 'निवृत्त', आणि खाली ठसठशीत सही.

"अहो, हे चालेल?" बायकोने हळूच विचारलं.

"अक्षरन् अक्षर खरं आहे. विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलंय."

लेक त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"नकाशाही जोडतो," मोजणीदार म्हणाले. त्यांनी फॉर्मचे आणि नकाशाच्या पाचही प्रतींचे फोनवर फोटो काढले, एकेक नीट, कडा सरळ धरून.

"बाबा, लॅपटॉपवरून पाठवते. क्षणात जाईल."

"नको. मी मोजलं, मीच पाठवतो."

त्यांनी आपल्या फोनवर बोट टेकवलं. पडद्यावर निळी रेघ उगवली आणि मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. पाच टक्के झाले, मग नऊ. खाली 'रद्द करा' असं बटण होतं. तिघं डोकी जुळवून त्या रेघेकडे पाहत बसली. साठ टक्क्यांवर ती अडकली आणि बराच वेळ हललीच नाही. पोहोचायला पाच मिनिटं लागली. तेवढ्या वेळात मोजणीदारांचं बोट दोनदा बटणापर्यंत गेलं आणि दोनदा मागे आलं.

"गेलं," लेक म्हणाली.

"हो," मोजणीदार म्हणाले. "फार लवकर गेलं."