मामाचा ठेंगणा नंबर

बहिणीच्या लग्नाची पत्रिका प्रमोदनं स्वतः केली, ही त्याची पहिली चूक. ती सुंदर केली, ही दुसरी.

कळमनुरीच्या बसस्टँडसमोर त्याचं पत्रिका छापायचं दुकान होतं. आजवर तालुक्यातले सगळे वधू-वर त्यानं कोपऱ्यात गुलाब असलेल्या एकाच साच्यातून काढले होते आणि कुणाची तक्रार नव्हती. पण ज्योतीचं लग्न ठरलं आणि प्रमोदच्या अंगात कला संचारली. गिऱ्हाइकं वाऱ्यावर सोडून तो फॉन्टच्या पोटात शिरून बसला. पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक कोपरा असतो, तिथं टिचकी मारली की अक्षरं आपलं वळण बदलतात, हे त्याला एका व्हिडिओतून कळलं होतं. त्यानं जोडाक्षरं जुन्या पद्धतीनं एकाखाली एक बसवली. 'ज्योती' आणि 'सिद्धार्थ' या नावांचं खास लिगेचर केलं, म्हणजे दोन्ही नावं मिळून एकच आकार आणि दोघांच्या डोक्यावर एकच शिरोरेघ. तेवढ्यावर थांबता तर निभावलं असतं. पण त्यानं निमंत्रक नातेवाइकांच्या मोबाइल नंबरांसाठी इंग्रजी आकडे घेतले, तेही ओल्ड स्टाइल.

या आकड्यांची रीत अशी, की शून्य, एक, दोन ठेंगणे असतात. तीन, चार, पाच, सात, नऊ पाय खाली सोडून बसतात. सहा आणि आठ तेवढे मान वर काढून उभे. ओळ कशी पाण्यासारखी हलते, असं प्रमोदचं मत होतं. घरच्यांचं मत त्यानं विचारलं नव्हतं.

पहिल्या दोन पत्रिका रिवाजाप्रमाणे वडीलधाऱ्यांना हातोहात गेल्या. एक मुंजाजीकाकांना, म्हणजे प्रमोदच्या वडिलांच्या, जळबांच्या, थोरल्या भावाला. दुसरी सेनगावला भीमराजमामांना. जळबांच्या लग्नात वरातीच्या जीपमध्ये पुढं कोण बसणार यावरून काका-मामांचं जे बिनसलं, ते त्यांनी आजतागायत नीट जपून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. फोन ठेवला तो प्रमोदच्या आईनं, पद्माबाईनं, डोळ्याला पदर लावूनच.

"भाऊ लग्नाला येत न्हाई म्हणतो. काय छापलं रे तू मुडद्या?"

ज्योतीचा चेहरा उतरला. नर्सिंगचं शिक्षण तिनं मामांच्या घरी राहून केलं होतं. परीक्षेच्या दिवसांत मामा पहाटे उठून तिच्यासाठी चहा ठेवायचे. मामा नसलेलं लग्न तिला लग्नच वाटलं नसतं, आणि हे प्रमोदला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तशीच सेनगावची जीप पकडली.

मामा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. ओसरीवर पत्रिका आणि पट्टी घेऊनच बसले होते.

"पट्टी लावून पाह्य," ते म्हणाले. "मुंजाजीचा नंबर कसा ताठ उभा हाय. अन् मपला? खाली बसवला. त्याच्या पायाशी."

"मामा, ती स्टाइल हाय. शून्य, एक, दोन लहानच राहतेत."

"मंग मह्याच नंबरात एवढे शून्य काहून?"

"ते कंपनीनं देलेत मामा."

"अन् मुंजाजीला सहा-आठ बी कंपनीनंच देले का? जल्म गेला मपला एसटीत. तिकिटावरचा एकबी आकडा मी खाली बसलेला पाह्यला न्हाई. पत्रिकेत मला बसवून राहिले, मंग मांडवात उभा काहून राहू?"

प्रमोदनं ओळ पाण्यासारखी हलते वगैरे सांगून पाहिलं. मामांनी पाणी दिलं आणि घरी पाठवलं.

उपाय अगदी सोपा होता. प्रमोदनं सगळे आकडे एका उंचीचे केले, पत्रिका नव्यानं छापली आणि मामांना पाठवली. मामा निवळले. पण त्यातलीच एक पत्रिका फिरत फिरत मुंजाजीकाकांच्या हाती पडली. काका माजी उपसरपंच. पहिली पत्रिका त्यांची पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांना दाखवून झाली होती. ते तडक दुकानात आले.

"मपल्या नंबराचं डोस्कं कोणं छाटलं?"

"छाटलं न्हाई काका, सगळे बराबर केले."

"तेच म्हणतो मी! त्या भीमराजच्या बराबर केलं. समाजमंदिर मी बघून राहिलो, आचारी मी बघून राहिलो, पाण्याचं टँकर मी आणून राहिलो, अन् नंबर त्याच्या बराबर? न्या मंग त्याच्याकूनच टँकर!"

मार्चअखेरचं लग्न. टँकर नाही म्हणजे जेवण नाही आणि जेवण नाही म्हणजे जिल्हाभर बोभाटा. प्रमोदनं डोकं धरलं आणि मग, कलावंताला सुचू नये ते त्याला सुचलं. ठरावीक आकडे ओळीनं आले की त्यांच्या जागी दुसरे आकार आपोआप यावेत, अशी सोय फॉन्टमध्ये करता येत होती. म्हणजे मामांचा अख्खा नंबरच एक लिगेचर! त्यानं पुन्हा ओल्ड स्टाइल आकडे घेऊन 'ज्योती-मामा' नावाचा फॉन्ट केला, त्यात मामांचे शून्यसुद्धा खांबासारखे उभे. 'ज्योती-काका'मध्ये काकांचे सहा-आठ आणखी वर चढले. मामांच्या गोतावळ्याला एक पत्रिका, काकांच्या गोतावळ्याला दुसरी. दोन्हीकडून शाबासकी आली. मग मिराबाईआत्या आली, तिच्या नंबरात सात आणि नऊ.

"मह्या नंबराचे पाय चिखलात रुतल्यावाणी काहून दिसतेत रे?"

तिसरा फॉन्ट झाला. आता प्रमोदला गंमत वाटू लागली होती, आणि तिथंच त्यानं सावध व्हायला हवं होतं.

लग्नाच्या दिवशी सगळं कसं बेतानं चाललं होतं. टँकर आलं. मामा कडक इस्त्रीत आले, ज्योतीच्या डोक्यावर हात ठेवून पुढच्या खुर्चीत बसले. काका दुसऱ्या टोकाला. पांढऱ्या साडीत ज्योती, शेजारी सिद्धार्थ, समोर फुलं आणि मेणबत्त्या. बौद्धाचार्य माइक ठोकून बघत होते. तेवढ्यात मिराबाईआत्यानं वारा घ्यायला शेजारच्या खुर्चीवरची पत्रिका उचलली. चष्मा लावला. पिशवीतून स्वतःची काढली.

"अगं बाई! हिच्यात भीमराज उभा हाय, अन् मह्या हिच्यात तर मीच उभी हाय!"

मांडवात भराभर खिसे चाचपले गेले. ज्याच्या त्याच्या हातात पत्रिका आली आणि लोक एकमेकांच्या नंबरांची उंची जोखू लागले. प्रमोद आचाऱ्याच्या मोठ्या पातेल्यामागं सरकला. मुंजाजीकाका उठले, मांडव ओलांडून मामांपाशी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी आपापल्या पत्रिका गुडघ्यांवर ठेवल्या. ज्योतीनं डोळे मिटून घेतले.

दोघांनी एकमेकांच्या पत्रिकेत डोकावून नंबर जुळवून पाहिले.

"मुंजाजीराव," मामा म्हणाले, "ह्या पोट्ट्यानं आपल्याला लेकरावाणी खेळवलं."

"खेळवलं खरं," काका म्हणाले. "पर आपण बी खेळलोच की पाव्हणं. पट्टी लावून."

"तुमी बी पट्टी लावली?"

"दोनदा."

मामांचे खांदे हलू लागले. आधी वाटलं ते रडतायत. पण ते हसत होते, आणि काकाही. ज्योतीनं डोळे उघडले, मामांकडे पाहिलं आणि तिलाही हसू फुटलं. पातेल्यामागं प्रमोदच्या जिवात जीव आला.

"या पोट्ट्याच्या लग्नाची पत्रिका नांदेडला छापू," मामा डोळे पुसत म्हणाले. "अन् तुमचं नाव वर."

"छे छे. मामाचा मान. तुमचं वर."

"न्हाई मुंजाजीराव, तुमी वडील. तुमचंच वर."

"मी म्हणलं ना तुमचं वर!"

"अन् मी काय उगंच बोलून राहिलो का?"

दोघंही खुर्चीतून उठले होते. पद्माबाईनं मधे पडून दोघांना खाली बसवलं, तेव्हा कुठं बौद्धाचार्यांना त्रिशरण सुरू करता आलं.

प्रमोदनं तिथंच ठरवून टाकलं. मुलगी मिळाली की आपण सरळ कोर्टात लग्न करायचं, तिथं पत्रिकाच लागत नाही. तो हात जोडून शांतपणे उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, की तिथं साक्षीदार लागतात आणि त्यांच्या सह्या एकाखाली एक घेतात.