ब्लाहासाहेबांचे शिखर आणि पार्किंगची खुर्ची

श्रीअग्निनारायण समर्थ. पिट्सबर्ग शहरी, पेट्रोलच्या रांगा चौक ओलांडून गेल्या त्या साली, कोळशाचे तेल करणारांनी जी मोहीम मारिली तिची हकिकत साद्यंत लिहितो. ऐकणारांनी हसू आवरावे. न आवरल्यास गुन्हा माफ.

राजमान्य राजेश्री थिओडोर ब्लाहासाहेब, खाणमजुराचे पुत्र, प्रयोगशाळेचे सरदार, यांनी कोळसा भट्टीत कोंडून जेर केला आणि काळे तेल काढिले, आणि आत काय काय नांदते याचा झाडा घ्यावा म्हणोन ते द्रवात विरघळवून भुकटी भरलेल्या पोलादी नळीतून हाकिले; मग थोर कण आधी, धाकटे मागाहून, ऐसे निघाले, आणि शेवटी यंत्राच्या लेखणीने कागदावर एक शिखर उभे केले. काय त्याचा डौल! साहेबांचे फर्मान सुटले की, हाच पेट्रोलजोगा हलका माल. मग शिखराची छबी छापून सदरे वाटले, आणि तीर्थरूपांस फोनवर कळविले की तुमचा कोळसा आता मोटारीत जाणार. शुक्रवारी सरकारी स्वारी येणार होती. भट्ट्या चालवाव्या की विझवाव्या, हे तिच्या हाती.

तेव्हा बरोबरीच्या विदुषी मार्सेला डगनबाई मसलतीत साहेबांस लाडक्या नावे बोलल्या, "टेड, तेल न घालता नुसता द्रव सोडून बघितलास का रे?"

"शिखराला हात लावायचा नाही, मार्सेला!"

"पार्किंगच्या खुर्चीसारखं? अरे, आपल्या गल्लीत गाडीची जागा धरायला रस्त्यात मांडलेली खुर्ची कुणी हलवत नाही, म्हणून ती गाडी होते का?"

साहेब कोपले, पण शंका पोटात शिरली ती निघेना, आणि मग नुसता द्रव नळीत सोडिला. तो तेच शिखर, त्याच ठायी, त्याच डौलाने हजर! द्रव बाटलीत नासू नये म्हणोन कारखानदाराने घातलेले औषध ते. साहेबांस मेल्याहून मेल्यासारखे जाहले, कारण अंगात सदरा तोच होता.

मग बिनऔषधाचा द्रव आणविला, आणि नळी धुतली, आणि तेल घालून फिरून चाल केली. खुर्ची उठली, तिच्या जागी चिमुकला उंचवटा राहिला. शुक्रवारी साहेबांनी तो स्वारीपुढे ठेविला आणि शिखराची फजिती स्वमुखे सांगितली. स्वारी पोट धरून हसली, आणि हुकूम जाहला की, भट्ट्या आणिक एक साल चालाव्या.

तीर्थरूपांनी फोनवर विचारिले, "एवढंसंच? पण आपल्या कोळशाचं ना?"

"आपल्याच कोळशाचं, बाबा."

येणेप्रमाणे उंचवटा एक, खरा, फत्ते जाहला. शिखर मात्र सदऱ्यांवरून किती धुतले तरी जाईना.