बसवराजच्या साखरेचा पत्ता

आमच्या इमारतीतला बसवराज एक कप चहासाठी तीन दारं वाजवतो. साखर माझ्याकडे, चहा पावडर खालच्या लक्ष्मीअक्कांकडे, आलं वरच्या शेखचाचांकडे. सगळं त्यानेच आणून ठेवलेलं. रोज सकाळी दारात उभा, "आज्जी, साखर हाय का?" तीही एकच चमचा.

"मेल्या, डबाच घेऊन जा की घरी!"

"तसं चालत न्हाई आज्जी. वाटून ठेवायचं."

तो घरी बसून सी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. त्यात एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, जोडली, की सारखी लागणारी माहिती चार मशिनांच्या मेमरीत वाटून ठेवता येते म्हणे. कुठली कुठं, हे तिच्या नावावरूनच ठरतं. एखादं मशीन बंद पडलं तर त्यातली तेवढीच माहिती जाते, ती मूळ साठ्यातून पुन्हा आणायची. आणि हे सांगतो कुणाला, तर मला! ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा चपला बाहेर काढून मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. साहेब म्हणाले बटण दाबा, तर मी म्हणाले, "आज अमावास्या आहे."

साखर नेलेली माझी वाटी मात्र तो घासूनपुसून परत देतो. "सीमध्ये घेतलेली मेमरी आपणच मोकळी करावी लागती, आज्जी."

हे साखर मागायचं खूळ सुरू झालं आमचे हे गेल्यावर. मुलगा पुण्याला चल म्हणत होता. मला सोलापूर सोडायचं नव्हतं, आणि दारही उघडायचं नव्हतं. पण साखरेसाठी उठावं लागायचं. उठलेच आहे तर चहा, चहा झाला तर भाकरी. असं करत मी इथेच राहिले.

परवा शेंगाचटणी द्यायला पहिल्यांदाच त्याच्या घरी गेले. त्याने चहा दिला. बिनसाखरेचा!

"साखर विसरलास की रे."

"मी साखर घेतच न्हाई," बोलून गेला आणि जीभ चावली.

ओट्यावर साखरेची बरणी होती, माझ्या चमच्याचमच्याने भरत आलेली. माझा डबा संपला की लबाड यातूनच भरून आणायचा!

मग लक्षात आलं. लक्ष्मीअक्का एकट्या. शेखचाचाही एकटेच.

"मशीन चालू हाय का, ते विचारत ऱ्हावं लागतं, आज्जी," तो कपात बघत म्हणाला. "गावाकडं माजी आई एकटीच होती. ती गेली तवा कुणी दार वाजवलंच न्हाई. मी बी फोन केला नव्हता."

मी घरी आले, हिंगाची डबी उचलली आणि त्याच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे. रोज संध्याकाळी फोडणीला मागायला येईन. दार उघडायचं, काय?"

"व्हय, आज्जी."

माझ्या आमटीत हिंग नसतोच, हे त्याला कशाला सांगू?